थॉमस हेगेन

रणांगणाच्या वर्णनानें पुष्कळ लेखक नांवारूपास आले. अमेरिकन ग्रंथकार थॉमस हेगेन प्रसिद्धीस आला तो मालवाहू जहाजावरील कंटाळ्याच्या वर्णनानें!

त्याचा जन्म १९१८ सालीं आयोवा संस्थानांत झाला. मिनेसोटा विद्यापीठांतील शिक्षण आटोपून तो आरमारांत शिरला व दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिक महासागरांत ‘व्हर्गो’ जहाजावर अधिकारी होता. हें जहाज साधें मालवाहू नव्हे. जेथें बंदर नाहीं, धक्का नाहीं, अशा शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्याची सामग्री पोंचविणें हें त्याचें काम. उथळ तळाच्या होड्या डेकवरच लादलेल्या असत. यारीनें त्या समुद्रांत सोडावयाच्या आणि मग त्यांत माल उतरावयाचा. किनाऱ्यावर जें प्रथम लागेल तें जहाजाच्या पोटांत सर्वांत शेवटीं भरावयाचें. हा क्रम चुकला तर पुढें गेलेल्या शिपायांचे प्राण धोक्यांत येत. एरवीं मात्र उष्मा, प्रतीक्षा आणि तेंच तें काम.

त्यांतूनच १९४६ सालीं ‘मिस्टर रॉबर्ट्स’ हें पुस्तक निघालें. लढाईवर जाण्यासाठीं तळमळणारा, पण मालाच्या जहाजावर अडकलेला अधिकारी हा त्याचा नायक. १९४८ सालीं त्याचें नाटक न्यूयॉर्कमध्यें अतिशय गाजलें.

१९४९ च्या मे महिन्यांत, अवघ्या ३० व्या वर्षीं, न्यूयॉर्क येथें हेगेनचा अंत झाला. दुसरें पुस्तक त्याच्या हातून झालें नाहीं.