रॉबर्ट बॉश : विक्री झाली, पुढे काय?

मंडळी, नाशिकच्या मायको सर्कलपासून स्टुटगार्टपर्यंत आपल्या ओळखीचं नाव म्हणजे बॉश! उल्मजवळच्या आल्बेक गावी १८६१ साली जन्मलेल्या रॉबर्ट बॉश यांनी १८८६ मध्ये स्टुटगार्टला छोटंसं वर्कशॉप थाटलं. मोटारीच्या मॅग्नेटोमुळे त्यांचा माल जगभर पोचला, पण पहिल्या महायुद्धात परदेशी बाजारपेठा हातच्या गेल्या.

पुन्हा उभं राहायचं तर नुसता चांगला माल पुरेसा नव्हता. गाडी बंद पडल्यावर दुरुस्त करणारा जाणकारही जवळ हवा होता. १९२१ मध्ये हॅम्बुर्गला पहिलं 'बॉश-डीन्स्ट' सर्व्हिस सेंटर निघालं. तेही कंपनीची शाखा म्हणून नव्हे, तर एका भागीदार व्यावसायिकाकडे! पुढे अशाच भागीदारांचं जाळं देशोदेशी पसरलं.

१९४२ मध्ये बॉश गेले. 'सपोर्ट'ला दुय्यम काम समजणाऱ्या आम्हा आयटीवाल्यांनी हा धडा जरूर गिरवावा. पटतंय ना?