पाण्यावर मका वाढवणारे झाक्स

युलियस झाक्स यांचा जन्म १८३२ सालचा, ब्रेस्लाऊचा. आज हे शहर पोलंडमध्ये आहे. वडील चित्रे कोरणारे कारागीर. चित्रकला मुलगा त्यांच्याकडूनच शिकला. सतरा वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघेही गेले आणि शाळा सुटली. तेव्हा मित्रांच्या वडिलांनी, प्राध्यापक पुर्किन्ये यांनी, त्याला मदतनीस म्हणून प्रागला नेले. हृदयातील ज्या तंतूंना डॉक्टर आजही पुर्किन्ये तंतू म्हणतात, तेच हे.

वनस्पतीला माती लागते की मातीतले क्षार, हा त्या काळचा वाद. झाक्स यांनी मका आणि घेवडा नुसत्या पाण्यात वाढवून दाखवला आणि १८६० मध्ये द्रावणाचे प्रमाण छापले. लिटरभर पाण्यात पोटॅशियम नायट्रेट १ ग्रॅम, कॅल्शियम सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट व कॅल्शियम फॉस्फेट प्रत्येकी अर्धा ग्रॅम, मीठ पाव ग्रॅम, लोह नावापुरते. सगळे मिळून पावणेतीन ग्रॅम. दवाखान्यातल्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते! क्षार फार वाढले तर मुळांना पाणी ओढता येत नाही आणि रोप भर पाण्यात कोमेजते. कमी पडले तर पाने फिकी, वाढ खुंटलेली. हायड्रोपोनिक पालक किंवा लेट्यूस घेणारे आज ईसी मीटरने हीच मात्रा सांभाळतात. नायट्रेट जास्त आणि उजेड कमी असेल तर पालक ते पानांत साठवून ठेवतो. भाजी टवटवीत दिसते, पण तान्ह्या बाळांना ती नको.

लोहाची गंमत वेगळी. पानाच्या हिरव्या रंगद्रव्यात लोह नसतेच, पण ते तयार व्हायला लोह लागते. गेवराई तालुक्यात, चकलांबा भागात, मोसंबीच्या बागा ओळखीच्या आहेत. चुनखडीच्या जमिनीत मोसंबीची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. जमिनीत लोह असते, चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. रक्त कमी झालेल्या माणसाचेही बरेचदा असेच असते: ताटात लोह असते, अंगी लागत नाही.

१८६८ पासून झाक्स वुर्झबर्गला होते. अतिश्रमाने प्रकृती ढासळली आणि १८९७ मध्ये ते गेले. त्यांच्या यादीत जस्त, बोरॉन नव्हते, तरी रोपे वाढली. कारण तेव्हाचे क्षार पुरेसे शुद्ध नसत आणि ही द्रव्ये भेसळीतून आपोआप मिळत. मॉलिब्डेनमची गरज तर १९३९ मध्ये कळली.