प्लेग ओळखणारे डॉ. व्हिएगस कोण होते? टेस्ट किट नसताना निदान कसं झालं?

कोरोनाकाळात पाटोद्यापासून मुंबईपर्यंत अँटिजेन टेस्टचा निकाल अर्ध्या तासात मिळत होता. या किटमधली प्रतिपिंडं विषाणूचं प्रथिन पकडतात. आता त्या जागी नॅनोबॉडी वापरण्यावर संशोधन सुरू आहे. उंटाच्या प्रतिपिंडाचा हा लहानसा तुकडा लॅबमध्ये हवा तसा घडवता येतो.

1896 मध्ये यातलं काहीच नव्हतं. गोव्यातल्या हडफडे गावी 1856 मध्ये जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगस मुंबईत प्रॅक्टिस करत होते. सप्टेंबरमध्ये मांडवीत त्यांना कडक ताप आणि जांघेत गाठ असलेला रुग्ण दिसला. त्यांनी थेट प्लेगचं निदान केलं. (प्लेगचा जंतू बॅक्टेरिया आहे, विषाणू नव्हे.)

बंदराच्या शहरात प्लेग जाहीर करणं म्हणजे व्यापारावरच घाला! निदान चुकलं असतं तर डॉक्टरचं नाव गेलं असतं. त्यामुळे तज्ज्ञांकडून खात्री करून घेण्यात आली, ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांनीही शिक्कामोर्तब केलं. पुढे या साथीने देशभरात 1 कोटीहून अधिक बळी घेतले.

व्हिएगस 1906 मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, 1933 मध्ये त्यांचं निधन झालं. धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.