अंगठ्याने घडविलेला गिटारवादक

जॅझ गिटारच्या इतिहासात वेस मॉन्टगोमेरी यांचे नाव आदराने घेतले जाते. ६ मार्च १९२३ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे जन्मलेल्या वेस यांना स्वरलिपी वाचता येत नसे. चार्ली ख्रिश्चन यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकूनच त्यांनी ही विद्या साध्य केली. रात्रीच्या रियाजाने शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून ते नखीऐवजी अंगठ्याने तारा छेडू लागले. ही तडजोडच पुढे त्यांची ओळख ठरली.

लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदातून १९५० मध्ये ते गावी परतले. मोठ्या कुटुंबासाठी दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री क्लबमध्ये वादन, असा क्रम कित्येक वर्षे चालला. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली यांच्या शिफारशीवरून रिव्हरसाइड कंपनीने गिटार, ऑर्गन व ड्रम या त्रयीचा अल्बम काढला. खरी कसोटी होती ती पुढच्या अल्बमची. जानेवारी १९६० मध्ये न्यूयॉर्क येथे पियानोवादक टॉमी फ्लॅनगन आणि पर्सी व अल्बर्ट हीथ या बंधूंसह ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ ध्वनिमुद्रित झाला. एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी वाजविण्याची त्यांची शैली त्यातून सर्वदूर पोहोचली.

पुढे लोकप्रिय गीतांच्या वादनाने त्यांना पैसा व ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तसा जॅझप्रेमींचा रोषही. उसंत मात्र फार लाभली नाही. १५ जून १९६८ रोजी, अवघ्या ४५व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.