रघुनाथराव कर्वे आणि संततिनियमनाचे गणित

भारत सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा असे करणारे ते जगातील पहिलेच सरकार ठरले. त्याच्या एकतीस वर्षे आधी, १९२१ मध्ये, मुंबईत गणिताच्या एका प्राध्यापकाने स्वतःच्या हिमतीवर संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र सुरू केले. स्टोप्सबाईंना कीर्ती लाभली. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या वाट्याला प्रामुख्याने उपहास आणि कोर्टकचेऱ्या आल्या.

१४ जानेवारी १८८२ रोजी जन्मलेले रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव. नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात दगावली. त्या काळी अशी घटना घरोघरी घडे आणि दैवाच्या खाती जमा होई. मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आलेले, फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतलेले रघुनाथराव पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. प्रतिष्ठित आयुष्याची वाट त्यांच्यापुढे मोकळी होती. मात्र १९२३ साली त्यांनी संततिनियमनावर पुस्तक लिहिले आणि या विषयावर ते उघडपणे बोलू लागले. मिशनरी संस्थाचालकांना हे रुचले नाही. १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, पदरमोड करून चालविले. पत्नी मालतीबाईंची त्यांना खंबीर साथ होती. आपणास मूल नको, हा निर्णय उभयतांनी विचारपूर्वक घेतला होता. अश्लीलतेच्या आरोपावरून मासिकावर खटले झाले. १९३१ मध्ये शंभर रुपये दंड झाला. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे देणे हा गुन्हा कसा होऊ शकतो, असा त्या बचावाचा गाभा होता. न्यायालयाला तो पटला नाही व दोनशे रुपये दंड भरावा लागला. ब्रह्मचर्य आणि संयम याखेरीज दुसरा मार्ग नाही, असे गांधीजींचे मत होते आणि लोकमत त्यांच्या बाजूचे होते.

या माणसाचे वेगळेपण त्याच्या धैर्यात होते, तसेच त्याच्या विचारपद्धतीतही होते. नीतीच्या नावाखाली चाललेला वाद त्यांनी माहितीच्या पातळीवर आणला. कोणते साधन कसे काम करते, ते कोठे फसते आणि का फसते, हे सामान्य दांपत्याला कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी साधने तरी किती होती? पुरुषांसाठी निरोध, स्त्रियांसाठी रबरी टोपी आणि शुक्रजंतुनाशक औषधे, एवढीच. ‘सुरक्षित काळा’चे ज्ञानसुद्धा कच्चे होते. पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडते, हे जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले. तोपर्यंत नेमके ते मधले दिवसच निर्धोक समजून कित्येक दांपत्ये फसत होती.

एखादे साधन किती खात्रीचे, हे मोजण्याची रीतही त्याच सुमारास रूढ झाली. ते साधन वापरणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वर्षभरात किती जणींना दिवस गेले, हा तो साधा हिशेब. आजची उत्तरे अशी आहेत : काहीच न वापरल्यास सुमारे ८५, स्खलनापूर्वी दूर होण्याच्या जुन्या उपायावर विसंबल्यास सुमारे २०. निरोध दर वेळी आणि बिनचूक वापरला तर २, पण लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसा वापरल्यास १३. रोजची गोळी न चुकता घेतली तर एकाहूनही कमी, विसरत-आठवत घेतली तर ७. तांबी आणि स्त्री-पुरुषांच्या शस्त्रक्रिया यांत हे प्रमाण एकाहून कमी. कारण तेथे रोजच्या आठवणीवर काही अवलंबून नसते. पुरुषाची नसबंदी मात्र लगेच लागू पडत नाही, सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते. शिवाय गुप्तरोगांपासून संरक्षण देतो तो केवळ निरोध. गुप्तरोगांवर स्वतंत्र पुस्तक लिहिणाऱ्या कर्व्यांना हे दोन्ही प्रश्न एकमेकांशी जोडलेले दिसत होते.

दोन आणि तेरा यांमधील अंतर हे रबराच्या दोषाचे नाही. ते संकोचाचे, अर्धवट माहितीचे आणि पतीपत्नींमधील अबोल्याचे अंतर आहे. ‘समाजस्वास्थ्य’ची झुंज होती ती त्याच्याशी.

लोकसंख्येचा विचार कर्व्यांच्या लेखनात होताच. पण त्यांच्या मते निर्णयाचा अधिकार दांपत्याचा, आणि त्यातही प्रथम स्त्रीचा. कामसुखावर तिचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी त्या काळात मांडले. पुढे शासनाने साधने उचलली. हा विचार मात्र मागे राहिला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत पुरुषांची संख्या मोठी होती आणि अनेकांवर सक्ती झाली होती. त्या सक्तीने पुरुषाची नसबंदी जी बदनाम झाली, ती आजतागायत सावरलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पतीच्या नसबंदीवर विसंबलेल्या केवळ ०.३ टक्के होत्या. निरोधाचे प्रमाण ९.५ टक्के होते. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व अधिक निर्धोक आहे, आणि परिणामात ती कोठेही उणी नाही.

याचा अर्थ असा की, साधने वाढली आणि जन्मप्रमाण उतरले, तरी भार आहे तेथेच, स्त्रीच्या अंगावर, राहिला आहे. कर्वे आज ज्यांना वंदनीय वाटतात, त्या सुशिक्षित पुरुषांच्या घरातही चित्र फारसे निराळे नाही. शाळा-महाविद्यालयांत हा विषय आला की पाने उलटली जातात किंवा वर्गात कुजबुज सुरू होते. शिक्षकाने तो धडा न टाळता शिकवावा आणि पतीने हा प्रश्न केवळ पत्नीचा मानू नये, एवढे जरी घडले, तरी शंभर वर्षांपूर्वी नोकरीवर पाणी सोडून मांडलेले ते गणित सुटण्याच्या मार्गाला लागेल.