एरंडेल ते सिंथेटिक: चार्ल्स वेकफिल्ड आणि तुमच्या गाडीचं इंजिन ऑइल

गोंदिया, तिरोडा, आमगाव या भागातून मला एकच प्रश्न वारंवार येतो. नागपूरहून सेकंड हँड बीएमडब्ल्यू किंवा ऑडी घेतली, वॉरंटी संपली आहे, आता गावातल्या गॅरेजमध्ये कोणतं ऑइल टाकायचं? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर चुकलं तर टर्बो जातो आणि बिल लाखात येतं. म्हणून आज मी ग्रेडचा तक्ता देण्याआधी एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. ती समजली की डब्यावरचे आकडे आपोआप समजतील.

त्यांचं नाव चार्ल्स चीअर्स वेकफिल्ड. जन्म १८५९, इंग्लंडमधलं लिव्हरपूल. तरुणपणी त्यांनी व्हॅक्यूम ऑइल या कंपनीत नोकरी केली. १८९९ मध्ये, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, ती सोडली आणि लंडनच्या चीपसाइड भागात स्वतःची कंपनी काढली. जुन्या कंपनीतले आठ सहकारी त्यांच्यासोबत आले. माल कोणता? रेल्वे इंजिनं आणि अवजड यंत्रांसाठी वंगण. आपल्या गोंदिया–नैनपूर–जबलपूर नॅरोगेजवर जशी वाफेची इंजिनं धावायची, तशा इंजिनांना तेल पुरवणं आणि ते योग्य जागी थेंब थेंब पोहोचवणारी उपकरणं बनवणं हा त्यांचा धंदा.

मग मोटारी आणि विमानं आली, आणि गणित बदललं. ही इंजिनं जास्त वेगानं फिरायची, जास्त तापायची. तेल थंडीत पातळ राहायला हवं आणि तापल्यावर टिकायलाही हवं. वेकफिल्ड यांच्या माणसांनी खनिज तेलात एरंडेल मिसळून पाहिलं. हो, तेच एरंडेल, जे आजी आपल्याला नाक दाबून पाजायची! एरंडाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात. त्यावरून १९०९ मध्ये या तेलाचं नाव पडलं कॅस्ट्रॉल. पुढच्याच वर्षी, १९१० पासून, कंपनीचं तेल भारतातही येऊ लागलं.

एरंडेलच का?

हे एरंडाचं गुऱ्हाळ नाही, यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. एरंडेल हे एस्टर प्रकारचं संयुग. त्याचे रेणू धातूला चिकटून बसतात, त्यामुळे प्रचंड उष्णतेतही पातळ थर टिकतो आणि धातूला धातू घासत नाही. दुसरं म्हणजे ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी विमान इंजिनांत पेट्रोल क्रँककेसमधूनच जायचं, तिथे हा गुण जीवनमरणाचा होता. दोष एकच, पण मोठा. तापून तापून एरंडेलाचा चिकट डिंक होतो. त्यामुळे इंजिन वरचेवर उघडून साफ करावं लागायचं.

वेकफिल्ड नुसते व्यापारी नव्हते. १९१५-१६ मध्ये ते लंडनचे लॉर्ड मेयर होते. वेगाचे विक्रम करणाऱ्यांना ते सढळ हातानं पैसा देत. १९३० मध्ये एमी जॉन्सन ही तरुणी एकटीनं इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमान घेऊन गेली. वाटेत ती आपल्याकडे झाशीलाही उतरली. तिच्या विमानाच्या खर्चात वेकफिल्ड यांचा वाटा होता. त्याच वर्षी १३ जूनला हेन्री सीग्रेव्ह यांनी विंडरमियर तलावावर 'मिस इंग्लंड २' या बोटीतून पाण्यावरचा वेगाचा विक्रम केला. बोटीसाठी पैसा वेकफिल्ड यांचाच. विक्रमानंतर त्याच दिवशी बोट उलटली आणि सीग्रेव्ह व रोल्स-रॉइसचे इंजिनिअर हॅलिवेल दोघेही गेले. मला वाटतं, या धंद्याची खरी किंमत त्या दिवशी दिसली. तरीही वेकफिल्ड यांनी हात आखडता घेतला नाही. १९४१ च्या जानेवारीत, ८१ व्या वर्षी ते वारले.

मग सिंथेटिक म्हणजे काय?

जेट इंजिनांच्या काळात शास्त्रज्ञांनी एस्टर कारखान्यात घडवायला सुरुवात केली. एरंडेलासारखी धातूची पकड, पण डिंक होणं फार कमी. आपल्या बिरसी विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानाच्या टर्बाइन इंजिनातही असंच तेल असतं. गाड्यांसाठी पीएओ नावाचं दुसरं कृत्रिम तेल आलं. तिसरा प्रकार म्हणजे रासायनिक प्रक्रियेनं खूप शुद्ध केलेलं खनिज तेल, ज्याला ग्रुप ३ म्हणतात. त्याला सिंथेटिक म्हणायचं का, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल भांडले. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातविषयक संस्थेनं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं निर्णय दिला. म्हणजे डब्यावरचा 'फुल्ली सिंथेटिक' हा शब्द तुम्हाला पूर्ण गोष्ट सांगत नाही.

गोंदियात काय निवडायचं?

माझा सल्ला असा. आधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि मंजुरीचा क्रमांक शोधा. बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-०१ किंवा ०४, मर्सिडीजसाठी २२९.५, फोक्सवॅगन-ऑडी-स्कोडासाठी ५०२ ००, ५०४ ०० किंवा ५०७ ००, पोर्शेसाठी ए४० असे क्रमांक असतात. तुमच्या मॉडेलचा नेमका तोच क्रमांक डब्याच्या मागे छापलेला हवा. ब्रँड नंतर बघा.

५डब्ल्यू-४० मध्ये पहिला आकडा थंड इंजिनासाठी, दुसरा तापलेल्या इंजिनासाठी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून मॅन्युअल दोन ग्रेड चालवत असेल तर मी ४० वाली घेईन. डिझेल गाडीत डीपीएफ फिल्टर असेल, तर कमी राख करणारंच तेल लागतं. नाहीतर फिल्टर चोंदतो. आणि डबा सीलबंद बघून, तुमच्या समोरच उघडायला लावा.

वेकफिल्ड यांनी एरंडेल निवडलं ते इंजिनाची गरज ओळखून. तुम्हीही दुकानदाराच्या शब्दावर न जाता इंजिनाची गरज बघा. दहा मिनिटं मॅन्युअल वाचलं, तर टर्बोचा खर्च वाचू शकतो.