सेनापती बापट

पांडुरंग महादेव बापट ऊर्फ सेनापती बापट (जन्म : १२ नोव्हेंबर १८८०, पारनेर, मृत्यू : २८ नोव्हेंबर १९६७, मुंबई) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक व मुळशी सत्याग्रहाचे नेते होते. सेनापती ही उपाधी त्यांना याच लढ्यातून मिळाली.

पूर्वायुष्य

बापटांचे महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एडिंबरो येथे गेले. लंडनच्या इंडिया हाउसमधील क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला व ते बॉम्बविद्या शिकून परतले. अलीपूर बॉम्ब खटल्यानंतर त्यांना अज्ञातवासात राहावे लागले. १९१२ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर त्यांनी सार्वजनिक स्वच्छतेचे व्रत घेतले आणि मुंबईतील झाडूकामगारांचे संघटन केले.

मुळशी सत्याग्रह

आजच्या मुळशी तालुक्यातील उरवडे, पिरंगुट या गावांच्या पश्चिमेस, मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ, वीजनिर्मितीसाठी टाटा कंपनीने धरण बांधण्यास घेतले. त्यामुळे सुमारे ५० गावांच्या जमिनी संपादनाखाली येणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रहास प्रारंभ झाला. कंपनीने काम सहा महिने स्थगित ठेवण्याचे मान्य केल्याने तो थांबवण्यात आला. काम पुन्हा सुरू होताच डिसेंबर १९२१ मध्ये लढाही पुन्हा उभा राहिला.

विरोध करणाऱ्यांचे हितसंबंध एक नव्हते. पुण्यातील जमीनमालक व सावकारांचा भर मोबदला वाढवून घेण्यावर होता. प्रत्यक्ष कसणाऱ्या मावळ्यांना मात्र जमीन सोडायचीच नव्हती. मालकांचा प्रश्न पैशाने सुटू लागला, तसा लढ्याचा आधार कमी होत गेला. बापट व विनायकराव भुस्कुटे कसणाऱ्यांच्या बाजूने ठाम राहिले.

बापटांनी आपल्या मार्गास शुद्ध सत्याग्रह म्हटले. प्रसंगी बळाचा वापर करावा, पण कृत्य लपवू नये व त्याची शिक्षा स्वतः भोगावी, असे त्याचे स्वरूप होते. अहिंसेवर निष्ठा असलेल्या अनेकांना हा विचार मान्य नव्हता. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी रुळांवर दगड टाकून बांधकामाची रेल्वेगाडी अडवली. या प्रकरणी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये धरण पूर्ण झाले. लढा अयशस्वी ठरला, तरी धरणामुळे होणाऱ्या विस्थापनाविरुद्धच्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांपैकी एक म्हणून तो ओळखला जातो.

मध्यस्थी व उत्तरायुष्य

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषणाचा निश्चय केला, तेव्हा बापटांनी त्यांना घाई न करता सहा महिने लोकमत तयार करण्याचा सल्ला दिला. गुरुजींनी तो मानला व महाराष्ट्रभर दौरा केला. मे १९४७ मधील उपोषणानंतर मंदिर खुले झाले. दीर्घ संघर्षात प्रतिपक्षाला विचारास अवधी देण्याचे हे ठळक उदाहरण होय.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात त्यांच्या हस्ते ध्वजारोहण झाले. १८ मे १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींच्या तुकडीत ना. ग. गोरे यांच्यासह ते अग्रभागी होते. संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातही त्यांचा सहभाग होता.

स्मारके

पुणे व मुंबई येथील प्रमुख रस्त्यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.